अनासाझी : कोणाचे पूर्वज ?

‘पूर्वज’ ह्या शब्दाचा अर्थ विचारला तर शाळेंतला मुलगाही ‘पूर्वीं जन्मलेला तो पूर्वज’ असा विग्रह करून दाखवील. परंतु ह्या विग्रहांत एक गोष्ट सांगावयाची राहून जाते. आपल्या आधीं जन्मलेला प्रत्येक मनुष्य आपला पूर्वज होत नाहीं. ‘पूर्वज’ म्हटलें कीं ‘कोणाचे?’ हा प्रश्न त्या शब्दाच्या पोटांतच असतो. बाप, आजा, मामा ह्या शब्दांप्रमाणें तो नात्याचा शब्द आहे, नुसत्या काळाचा नव्हे. हा भेद बारीक वाटला तरी अमेरिकेंत त्यावरून पदार्थसंग्रहालयांतील कित्येक अस्थींचा निवाडा झाला आहे, आणि शंभर वर्षें रूढ असलेलें एक नांव पाट्यांवरून उतरविण्यांत आलें आहे. तें नांव म्हणजे ‘अनासाझी’.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या नैर्ऋत्य भागांत यूटा, कोलोरॅडो, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको ह्या चार राज्यांच्या सीमा एका बिंदूंत मिळतात. प्रदेश रुक्ष आणि पठारी, पाऊस बेताचा, वालुकाश्माचे उभे कडे आणि त्यांमधून गेलेल्या खोल दऱ्या. ह्या कड्यांत निसर्गानें कोरलेल्या प्रचंड कपारी आहेत, आणि त्या कपारींत दगडमातीचीं गांवेंच्या गांवें बांधलेलीं आहेत. कोलोरॅडोंतील मेसा व्हर्डी येथें अशीं सुमारें सहाशें ठिकाणें आहेत. त्यांतील सर्वांत मोठ्या ठिकाणास ‘क्लिफ पॅलेस’, म्हणजे कड्यांतला राजवाडा, असें नांव पडलें. त्यांत सुमारें दीडशें खोल्या आणि ‘किवा’ नांवाचीं तेवीस वर्तुळाकार तळघरें आहेत. राजवाड्यासारखें तेथें कांहीं नव्हतें. शंभराच्या आसपास शेतकरी माणसें तेथें राहत असत. पण नांवें ठेवणाऱ्यांचा हात कोणी धरावा?

दक्षिणेस न्यू मेक्सिकोंतील चाको दरींत प्रकार निराळा. तेथें कड्यांच्या पोटांत नव्हे, तर दरीच्या तळाशीं, उघड्यावर, चार-चार मजली दगडी वास्तू उभ्या केलेल्या आहेत. त्यांपैकीं ‘प्वेब्लो बोनितो’ ही एकटीच सहाशेंहून अधिक खोल्यांची आहे. नवव्या शतकाच्या मध्यापासून बाराव्या शतकापर्यंत तिचें बांधकाम टप्प्याटप्प्यानें चालूं होतें. तेथें सांपडलेल्या मातीच्या उंच भांड्यांत कोकोचा अंश होता, हें २००९ सालीं रासायनिक परीक्षणानें ठरलें. कोकोचें झाड त्या कोरड्या मुलखांत जगत नाहीं; तें शेंकडों कोस दक्षिणेस, मेक्सिको व मध्य अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांत वाढतें. तेव्हां मका, घेवडा आणि भोपळा पिकवून राहणारे हे लोक जगापासून तुटलेले खास नव्हते.

१८८८ सालच्या डिसेंबर महिन्याच्या १८ तारखेस रिचर्ड वेदरिल नांवाचा एक गुरें पाळणारा आणि त्याचा मेहुणा चार्ली मेसन हे चुकलेलीं जनावरें हुडकीत मेसा व्हर्डीच्या पठाराच्या कडेस आले. दरीच्या पलीकडच्या कपारींत त्यांना क्लिफ पॅलेस दिसला. ह्या प्रसंगाला ‘शोध’ म्हणण्याची चाल आहे. वास्तविक त्या मुलखांतल्या यूट लोकांना तीं घरें पिढ्यानपिढ्या ठाऊक होतीं, आणि वेदरिलला त्यांची पहिली बातमी एका यूट मनुष्याकडूनच मिळाली असें सांगतात. पुढें वेदरिल आणि त्याचे भाऊ ह्यांनीं हिंवाळ्यामागून हिंवाळे त्या घरांत खणतीं चालविलीं, वस्तू काढल्या, विकल्या, आणि पाहावयास येणाऱ्यांना वाट दाखविली.

वेदरिलचा वावर नवाहो लोकांत असे. त्यांच्याशीं त्याचा व्यापार चाले, त्यांची भाषा त्याला येत असे. ओस पडलेल्या घरांच्या मूळ रहिवाशांना नवाहो लोक ज्या शब्दानें ओळखत तोच शब्द त्यानें उचलला. आपल्याकडेही असेंच घडलें आहे. नाशिकजवळच्या लेण्यांना लोक पांडवलेणीं म्हणत आले. आंत कोरलेल्या लेखांत मात्र पांडव कोठेंच नाहींत, उषवदात आणि गौतमी बलश्री ह्यांचीं नांवें आहेत. मागून आलेले लोक आधींच्यांच्या कृतीला आपल्या जवळचें नांव देतात. फरक इतकाच कीं, नाशिकला दिलेलें नांव आदराचें होतें. नवाहोंनीं दिलेल्या नांवाची गोष्ट तशी नाहीं.

नवाहो भाषेचें व्याकरण ह्या ठिकाणीं थोडें पाहिलें पाहिजे, कारण सर्व वादाची किल्ली त्यांत आहे. त्या भाषेंत नात्याचा शब्द एकटा उभा राहत नाहीं. नुसतें ‘आई’ असें म्हणतां येत नाहीं. ‘शिमा’ म्हणजे माझी आई, ‘बिमा’ म्हणजे त्याची किंवा तिची आई, असें नात्याच्या धन्यासकट बोलावें लागतें. पूर्वजांविषयींही तोच नियम आहे. ‘बिझाझी’ म्हणजे त्याचे पूर्वज. मराठींत ‘कोणाचे?’ हा प्रश्न मनांत राहतो, नवाहोंत तो उच्चारावाच लागतो. आतां ‘अनासाझी’ ह्या शब्दाच्या आरंभींचें ‘अना’ पाहावें. त्याच्या मुळाशीं परका, नवाहो नव्हे असा मनुष्य, आणि त्यावरून शत्रु, हा अर्थ आहे. युद्धाला नवाहोंत जो शब्द आहे तोही ह्याच घराण्यांतला. परक्यांच्या किंवा शत्रूच्या संसर्गानें लागलेली बाधा दूर करण्याचा नवाहोंचा जो मोठा विधि आहे, त्याच्या नांवांतही हेंच पद येतें. तेव्हां ‘अनासाझी’ ह्याचा सरळ अर्थ ‘परक्यांचे पूर्वज’ किंवा ‘प्राचीन शत्रु’ असा होतो. कांहीं नवाहो जाणकार त्याचा सौम्य अर्थ करतात. आमच्याहून निराळे, आमच्या शेजारीं असलेले पण आमच्यांतले नव्हेत असे लोक, इतकाच भाव त्यांत आहे असें ते म्हणतात. तोही अर्थ मान्य केला तरी एक गोष्ट बदलत नाहीं. ‘हे आमचे नव्हेत’ हें सांगण्यासाठींच तो शब्द घडलेला आहे.

नवाहोंना ह्याबद्दल दोष देण्याचें कारण नाहीं. बहुतेक संशोधकांच्या मतें ते ह्या प्रदेशांत मागाहून, उत्तरेकडून आले. त्यांच्या भाषेच्या बहिणी आजही कॅनडा आणि अलास्का येथें बोलल्या जातात. मृतांच्या सहवासाची त्यांना भीति वाटते. जेथें कोणी मेलें असेल तें घर ते वर्ज्य मानतात, आणि म्हणून ओस गांवांपासून जुन्या वळणाचे नवाहो दूरच राहत आले. अशा लोकांनीं त्या घरांच्या मालकांना परके म्हणावें ह्यांत वांकडें कांहीं नाहीं. शिवाय जिवंत प्वेब्लो शेजाऱ्यांसाठीं त्यांच्याजवळ ‘कीसआनी’ हा वेगळाच शब्द आहे. आणि गंमत अशी कीं, ‘नवाहो’ हें नांव तरी त्यांचें स्वतःचें कोठें आहे? ते आपणांस ‘दिने’ म्हणजे माणसें म्हणवितात. ‘नवाहो’ हा शब्द प्वेब्लोंपैकीं तेवा लोकांच्या भाषेंतला. मोठीं शेतें असलेली दरी असा त्याचा अर्थ असून तो स्पॅनिश लोकांनीं उचलून सर्वत्र केला. दोन्ही शेजारी एकमेकांनीं दिलेल्या नांवानेंच जगाला ठाऊक झाले.

दोष घडला तो पुढें, शब्द एका भाषेंतून दुसरींत नेतांना. वेदरिलला त्याचा अर्थ कळत होता असें दिसतें. परंतु प्रवासी पुस्तकांतून, संग्रहालयांच्या पाट्यांवरून आणि कथांतून तो जसजसा फिरला तसतसा त्याचा पूर्वार्ध झडून गेला. ‘परक्यांचे पूर्वज’ ह्यांतले परके नाहींसे झाले आणि नुसते ‘प्राचीन लोक’, ‘आपल्या आधीं होऊन गेलेले’ असा गोड अर्थ शिल्लक राहिला. ऐकणाऱ्यांना वाटलें, एका रानटी म्हटल्या जाणाऱ्या जमातीनें आपल्या आधींच्या थोरांना आदरानें दिलेलें हें नांव आहे. नात्याचा शब्द असा काळाचा शब्द बनला. कोणाचे पूर्वज, हें विचारण्याची गरजच उरली नाहीं.

विद्वानांच्या ग्रंथांत ह्या शब्दाला स्थान मिळालें तें आल्फ्रेड किडर ह्यांच्यामुळें. किडर हे नैर्ऋत्येच्या पुराणवस्तुसंशोधनांतील अग्रेसर पुरुष. न्यू मेक्सिकोंतील पेकोस येथें १९१५ पासून १९२९ पर्यंत त्यांनीं उत्खनन केलें, आणि १९२७ च्या ऑगस्टमध्यें तेथेंच संशोधकांची एक परिषद भरविली. त्या परिषदेंत प्राचीन संस्कृतीचे ‘टोपल्या विणणारे’ आणि ‘प्वेब्लो’ असे दोन मोठे कालखंड व त्यांचे पोटविभाग ठरले. दोन्ही कालखंडांना मिळून एक सुटसुटीत नांव हवें होतें. १९३६ सालीं किडर ह्यांनीं ‘अनासाझी’ हें नांव सुचविलें. लहान, लिहावयास सोपें, कोणत्याही जिवंत जमातीचें नसलेलें. वर्गीकरणाच्या दृष्टीनें हा गुण होता, आणि न्यायाच्या दृष्टीनें तोच दोष. किडर स्वतः त्या लोकांचा प्वेब्लोंशीं संबंध नाकारणारे नव्हते, हें येथें सांगितलें पाहिजे. किंबहुना आजच्या प्वेब्लो लोकांपासून मागें मागें जात जुना इतिहास लावावा, हीच त्यांची पद्धति होती. परंतु ग्रंथांतलें विवेचन थोडे वाचतात, नांव मात्र सर्वांच्या तोंडीं जातें.

आणि नांवाबरोबर एक कथा गेली. अनासाझी नांवाचे अद्भुत लोक होते, त्यांनीं कड्यांत नगरें बांधलीं, आणि एके दिवशीं ते कोठें गेले कोणास ठाऊक! तेराव्या शतकाच्या अखेरीस चार राज्यांच्या सांध्यावरील हा उत्तर भाग खरोखरच ओस पडला. त्याच्या तारखा कळण्याचें साधन झाडांनीं दिलें. ए. ई. डग्लस ह्या ज्योतिःशास्त्रज्ञानें झाडाच्या खोडांतील वर्षावर्षाच्या वलयांची मालिका जुळविली; मध्यें एक तुटक जागा होती, ती १९२९ च्या जून महिन्याच्या २२ तारखेस ॲरिझोनांतील शो लो येथें सांपडलेल्या एका जळक्या तुळईनें सांधली गेली. तेव्हांपासून अमुक घराची तुळई अमुक वर्षीं तोडली हें नेमकें सांगतां येऊं लागलें. त्याच वलयांनीं १२७६ पासून १२९९ पर्यंतच्या दीर्घ अवर्षणाचीही साक्ष दिली. अवर्षण हेंच एकमेव कारण होतें असें नव्हे. त्या काळांतील मारामारीचीं आणि जाळपोळीचीं चिन्हेंही अनेक ठिकाणीं सांपडतात. तें कसेंही असो, माणसें निघून गेलीं. पण निघून जाणें म्हणजे नाहींसें होणें नव्हे. दुष्काळांत गांव सोडून नदीकांठीं गेलेल्या कुटुंबाला कोणी निर्वंश म्हणत नाहीं.

तीं माणसें दक्षिणेस व पूर्वेस गेलीं. रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यांत, झुनी आणि होपी लोकांच्या मुलखांत. तेथें त्यांचे वंशज आजही नांदत आहेत. न्यू मेक्सिकोंत एकोणीस प्वेब्लो आहेत, ॲरिझोनांत होपी आहेत, टेक्साससच्या टोंकाला एक प्वेब्लो आहे. त्यांचीं मक्याचीं शेतें, त्यांचे किवा, त्यांचीं रंगविलेलीं भांडीं जुन्या अवशेषांशीं ताडून पाहणाऱ्याला नातें शोधण्यास फार दूर जावें लागत नाहीं. मेसा व्हर्डीच्या लोकांनीं पाळलेल्या टर्की पक्ष्यांचा वंशही रिओ ग्रांदेच्या खोऱ्यांतील पुढच्या काळच्या पक्ष्यांशीं जुळतो असें २०१७ सालीं आनुवंशिक परीक्षणांत दिसून आलें. माणसें गेलीं तीं कोंबडींपांखरें बरोबर घेऊन गेलीं. घाबरून अदृश्य झालेले लोक असे बिऱ्हाड हलवीत नाहींत.

होपी लोकांना ‘गूढ रीतीनें नाहींसे झालेले’ ही भाषा ऐकून काय वाटत असेल ह्याची कल्पना करावी. ते आपल्या आधींच्यांना ‘हिसत्सिनोम’ म्हणतात; ‘हिसत’ म्हणजे फार पूर्वीं, ‘सिनोम’ म्हणजे माणसें. त्यांच्या परंपरेंत ओस गांवें हीं पूर्वजांनीं वाटचाल करतांना मुद्दाम मागें ठेवलेलीं पाऊलें आहेत. जेथें थांबले तेथें खूण राहिली, मग पुढें निघाले, आणि शेवटीं होपींच्या आजच्या पठारांवर आले. ज्याला बाहेरचे लोक कोडें म्हणतात तें होपींच्या दृष्टीनें प्रवासाचें वर्णन आहे. आणि ह्या प्रवासाला जगानें नांव दिलें होतें तें त्यांच्या शेजाऱ्यांच्या भाषेंतलें, ‘शत्रूचे पूर्वज’ असें!

हा प्रश्न केवळ मानापमानाचा राहिला असता तर कदाचित् आणखी शंभर वर्षें कोणी लक्ष दिलें नसतें. १९९० सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनें एक कायदा केला. सरकारी मदत घेणाऱ्या संग्रहालयांनीं आपल्याजवळील मूळ रहिवाशांच्या अस्थि आणि त्यांच्याबरोबर पुरलेल्या वस्तू, नातें सिद्ध होईल त्या वंशजांना किंवा जमातींना परत द्याव्या, असा त्याचा आशय होता. आतां ‘कोणाचे?’ हा प्रश्न कायद्यानेंच विचारला. नाहींशा झालेल्या लोकांना वारस नसतात. त्यांच्या अस्थि पेटींत राहतात. पेटीवर ‘अनासाझी’ असें लिहिलें तर वारस कोण, हें त्या नांवावरून कळत नाहीं. पेटीवर ‘प्वेब्लोंचे पूर्वज’ असें लिहिलें तर दावा सांगणारा कोण, हें पाटीच सांगते.

पेकोसचें उदाहरण ह्या दृष्टीनें बोलकें आहे. पेकोस हें गांव प्राचीन काळीं ओस पडलेलें नव्हे. तेथील शेवटचीं सतरा-अठरा माणसें १८३८ सालीं गांव सोडून हेमेझ प्वेब्लोंत, आपल्या भाषाबंधूंकडे, राहावयास गेलीं, आणि त्यांचा वंश तेथें चालूं राहिला. म्हणजे किडर ह्यांनीं १९१५ सालीं कुदळ मारली तेव्हां त्या गांवाचे वारस कोठें आहेत हें कोणालाही ठाऊक होऊं शकत होतें. तरी सुमारें दोन हजार माणसांच्या अस्थि तेथून न्यू इंग्लंडला गेल्या आणि संशोधनासाठीं तेथें राहिल्या. १९९९ च्या मे महिन्यांत त्या परत आल्या. हेमेझचे लोक त्यांना सामोरे गेले, कित्येक जण कोसच्या कोस पायीं चालले, आणि पेकोसच्या भूमींत त्या पुन्हा पुरण्यांत आल्या. ज्या संशोधकानें ‘अनासाझी’ हा शब्द रूढ केला, त्याच्याच उत्खननांतून निघालेलीं हीं माणसें होतीं.

१९९० नंतरच्या दशकांत राष्ट्रीय उद्यानांच्या खात्यानें आणि बहुतेक संग्रहालयांनीं ‘अनासाझी’ सोडून ‘पूर्वज प्वेब्लो’ अशा अर्थाचें नांव स्वीकारलें. त्यानें सर्व संतुष्ट झाले असें मात्र नाहीं. ‘प्वेब्लो’ हा शब्दही परकाच. स्पॅनिश भाषेंत त्याचा अर्थ खेडें. तो देणारे स्पॅनिश लोक १५४० सालीं कोरोनादोबरोबर सैन्य घेऊन आले होते, आणि त्यांच्या जुलमाविरुद्ध बहुतेक प्वेब्लो १६८० सालीं एकत्र उठले होते. शत्रूनें दिलेलें एक नांव काढून दुसऱ्या शत्रूनें दिलेलें घातलें, अशी टीका त्यावर सहज करतां येते. मग हिसत्सिनोम हाच शब्द कां घेऊं नये? कारण तो होपींचा. झुनी लोकांचा शब्द निराळा, केरेस भाषा बोलणाऱ्यांचा निराळा, तेवांचा निराळा; ह्या भाषांपैकीं कांहींचें एकमेकींशीं, मराठी आणि कानडी ह्यांच्याप्रमाणेंच, कुळाचें नातें नाहीं. ह्या सर्वांना सामान्य असा एकच शब्द नाहीं, कारण ते सर्व मिळून एकच लोक कधींच नव्हते. इतिहासकारांची सोय म्हणून जो एकच शब्द हवा होता, तो ह्या प्रदेशाच्या इतिहासानें कधीं निर्माणच केला नाहीं.

दुसरी अडचण नवाहोंची. १६८० च्या उठावानंतर स्पॅनिश सैन्य परत आलें तेव्हां अनेक प्वेब्लो कुटुंबें पळून नवाहोंत मिसळलीं. हेमेझहून आलेल्यांच्या वंशाचें एक कुळ नवाहोंत आजही आहे. त्या कुळाच्या माणसानें चाकोच्या भिंतींकडे पाहून ‘परक्यांचे पूर्वज’ म्हणावें, तर त्यांत त्याचे स्वतःचे आजे-पणजेही आले. एका शब्दानें ओढलेली सीमारेषा माणसांनीं केव्हांच पुसून टाकली होती.

खुद्द वेदरिलच्या वांट्याला हा शब्द आला तो निराळ्याच रीतीनें. मेसा व्हर्डी सोडून तो चाको दरींत, प्वेब्लो बोनितोच्या भिंतींना लागून राहिला आणि नवाहोंशीं व्यापार करूं लागला. ओस घरांत खणणाऱ्या ह्या माणसाला नवाहो ‘अनासाझी’ म्हणूं लागले, आणि १९५७ सालीं फ्रँक मॅक्निट ह्यानें त्याचें चरित्र लिहिलें तें ह्याच नांवानें. १९१० च्या जून महिन्यांत वेदरिल एका नवाहोच्या गोळीनें मेला.

अलीकडे ह्या वादाला एक नवें वळण मिळालें आहे. न्यू मेक्सिकोंतील पिकुरीस हा लहानसा प्वेब्लो. आपलें चाकोशीं नातें आहे असें तेथील वृद्ध सांगत आले होते. त्यांनीं स्वतः होऊन शास्त्रज्ञांना बोलावलें आणि आपल्या अटींवर परीक्षण करविलें. चाको येथें पुरलेल्या माणसांशीं पिकुरीसच्या लोकांचें निकटचें आनुवंशिक साम्य असल्याचें २०२५ सालीं प्रसिद्ध झालें. वृद्धांना त्यांत नवें असें कांहीं वाटलें नसावें.

मेसा व्हर्डीची गोष्ट १८९१ पासून अर्धवट राहिली होती. त्या वर्षीं गुस्ताफ नूर्देनशेल्द नांवाचा तेवीस वर्षांचा स्वीडिश तरुण तेथें आला. वेदरिल बंधूंच्या मदतीनें त्यानें पद्धतशीर उत्खनन केलें, आणि पेट्या भरून निघाला तेव्हां त्याला अटक झाली. पण अशा वस्तू बाहेर नेण्यास मनाई करणारा कायदा त्या वेळीं नसल्यामुळें तो सुटला. तो संग्रह पुढें फिनलंडला गेला आणि हेलसिंकीच्या राष्ट्रीय संग्रहालयांत राहिला. त्यांत भांडीं होतीं, टोपल्या होत्या, आणि माणसेंही होतीं. अमेरिकेचा कायदा फिनलंडला लागू नव्हता. तरी दोन्ही सरकारांत २०१९ सालीं बोलणें झालें, आणि २०२० च्या सप्टेंबरमध्यें सुमारें वीस माणसांच्या अस्थि आणि त्यांच्याबरोबर पुरलेल्या अठ्ठावीस वस्तू परत आल्या. त्यांच्यासाठीं दावा सांगणाऱ्यांत होपी, झुनी, अकोमा आणि झिया हे चार समाज पुढें होते. एकशें एकोणतीस वर्षांनीं त्या अस्थि मेसा व्हर्डीच्या मातींत पुन्हा पुरण्यांत आल्या.